न बोलले जाणारे दुखणे: शस्त्रक्रियेनंतरचे सहा महिने

या पानावरचे बहुतेक विषय असे असतात, की लेख वाचून झाल्यावर जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर त्यांची चर्चा करता येते. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी, निवृत्तीसाठीची बचत वगैरे. आजचा विषय तसा नाही. स्त्रीच्या योनिद्वाराशी होणारे, महिनोन् महिने न थांबणारे दुखणे आणि त्यावरची शस्त्रक्रिया झाल्यानंतर सावरायचे कसे, याबद्दल आज लिहायचे आहे.

विषय नाजूक आहे, पण दुर्मिळ नाही. बॉस्टन परिसरातील १८ ते ६४ वर्षे वयाच्या स्त्रियांची एक मोठी पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. आयुष्यात कधी ना कधी तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ अशी आग, टोचणी किंवा स्पर्शाने होणारी वेदना सोसल्याचे तीत सुमारे १६ टक्के स्त्रियांनी सांगितले. त्यांतल्या जवळजवळ ४० टक्के स्त्रियांनी उपचारच घेतले नव्हते. इथल्या स्त्रियांची ही गत, तर लग्न होऊन नुकत्याच या देशात आलेल्या, गाडी चालवता न येणाऱ्या, विमा नवऱ्याच्या नोकरीतून असलेल्या आपल्या मुलीची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी. तिला पहिल्या रात्रीपासून दुखते. ‘पहिल्यांदा असे होतेच’ म्हणून ती गप्प बसते. दोन वर्षांनी गणपतीच्या कार्यक्रमात चारजणी विचारतात, ‘मग, गोड बातमी कधी?’ मूल न होण्याचे खरे कारण वंध्यत्व नसून शरीरसंबंधच होऊ शकत नाही हे असते, आणि ते कोणाला सांगता येत नाही. नवऱ्याला वाटते, हिला मी आवडत नाही. तिला वाटते, माझ्यातच काही कमी आहे. अशा गैरसमजात लग्ने मोडण्याच्या टोकाला जातात.

या दुखण्यावर उपाय आहेत आणि सर्व उपाय थकल्यावर काही स्त्रियांसाठी शस्त्रक्रियाही आहे. परंतु ती झाली म्हणजे सर्व झाले, असे समजू नये. शस्त्रक्रिया साधारण तासाभरात होते, जखम सहा-आठ आठवड्यांत भरते. पण स्नायूंची आणि मनाची सवय सुटायला पुढे काही महिने लागतात. ही गोष्ट आधी माहीत नसली, की चांगली झालेली शस्त्रक्रियाही फुकट गेली असे वाटू लागते. म्हणून हा लेख.

दुखणे कोणते, शस्त्रक्रिया कोणती

योनिमार्गाच्या तोंडाशी, आतल्या ओठांच्या मध्ये जी पातळ, ओलसर त्वचा असते तिला वैद्यकात व्हेस्टिब्यूल म्हणतात. या लॅटिन शब्दाचा अर्थ घराची देवडी किंवा ओसरी. काही स्त्रियांच्या बाबतीत दुखणे एवढ्या ओसरीपुरतेच असते. बाहेरून पाहिले तर काही दिसत नाही, फार तर थोडी लाली. जंतुसंसर्गाच्या तपासण्या स्वच्छ येतात. पण कापसाच्या बोळ्याने नुसता स्पर्श केला तरी सुरी लागल्यासारखी कळ येते. टॅम्पॉन घालणे, सायकल चालवणे, घट्ट जीन्स, शरीरसंबंध, सगळेच अवघड होते. याला व्हेस्टिब्युलोडिनिया म्हणतात.

हा आजार नवा नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांनी १८८० च्या दशकातच याचे वर्णन करून ठेवले होते. मग सुमारे शंभर वर्षे तो विसरला गेला आणि ‘मनाचे खेळ’ या सदरात टाकला गेला. १९८७ साली डॉ. एडवर्ड फ्रेडरिक यांनी निदानाच्या कसोट्या नीट मांडल्या. पुढे स्वीडनमधील संशोधकांनी काढलेल्या त्वचेचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा या रुग्णांच्या त्वचेत मज्जातंतूंची टोके नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आढळली. म्हणजे दुखणे खरे आहे. ज्यांना कोणी आजवर ‘जरा रिलॅक्स व्हा’ एवढाच सल्ला दिला असेल, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

उपचार पायरीपायरीने होतात. आधी साबण, सुगंधी पॅड वगैरे त्रासदायक गोष्टी बंद. मग बधिर करणारे मलम, हार्मोनचे मलम, ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी, मज्जातंतू शांत करणाऱ्या गोळ्या, समुपदेशन. एवढ्याने पुष्कळ जणींना आराम पडतो. ज्यांना पडत नाही आणि ज्यांचे दुखणे फक्त ओसरीपुरते मर्यादित आहे, त्यांच्यासाठी व्हेस्टिब्युलेक्टमी ही शस्त्रक्रिया आहे. तीत दुखरी त्वचा पातळ पापुद्र्यासारखी काढून टाकतात आणि योनीच्या आतली निरोगी त्वचा थोडी पुढे ओढून त्या जागी शिवतात. जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. वुडरफ यांनी १९८१ साली अशा शस्त्रक्रियेची माहिती प्रसिद्ध केली; आजच्या पद्धती त्यातूनच सुधारत आल्या आहेत. बहुतेक वेळा रुग्ण त्याच दिवशी घरी येते.

गुण किती येतो? वेगवेगळ्या अहवालांत ६० ते ९० टक्के स्त्रियांना चांगला फरक पडल्याचे आढळते. माँट्रियलमधील एका अभ्यासात ७८ स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकून तीन गट केले होते. एका गटाला शस्त्रक्रिया, दुसऱ्याला स्नायूंचे बायोफीडबॅक, तिसऱ्याला वेदनेवरचे गटसमुपदेशन. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत सहा महिन्यांनंतर वेदना सर्वात जास्त शस्त्रक्रियेने कमी झालेली दिसली. मात्र अडीच वर्षांनी पुन्हा विचारले, तेव्हा शरीरसंबंधाच्या वेळच्या वेदनेच्या बाबतीत समुपदेशनाचा गटही शस्त्रक्रियेच्या बरोबरीला आला होता. यावरून समजावे, की सुरी आणि सराव या दोन्हींना आपापले काम आहे.

जाण्यापूर्वीची तयारी

घरी लागणाऱ्या वस्तू आधीच आणून ठेवाव्यात: बर्फाच्या चार-पाच लवचीक पिशव्या, पाणी ओतण्यासाठी तोंडाला भोके असलेली प्लॅस्टिकची बाटली, कमोडवर बसणारा कटिस्नानाचा टब, सुगंध नसलेले सुती पॅड, नेहमीपेक्षा एक माप मोठ्या सुती चड्ड्या, सैल गाऊन. परकर किंवा लुंगी नेसून राहिले तर उत्तमच. वरण, भाज्या, सूप आठवडाभर पुरेल एवढे करून फ्रीझरमध्ये ठेवावे.

भूलतज्ज्ञांना आपण घेत असलेली प्रत्येक गोळी सांगावी. आपल्याकडे ‘ते काही औषध नव्हे’ असे म्हणून आयुर्वेदिक गोळ्या, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल, माशाचे तेल यांचा उल्लेखच होत नाही. यांतल्या काहींनी रक्त पातळ होते. मधुमेह असल्यास साखर आधी ताब्यात आणावी. जखम भरणे त्यावर अवलंबून असते.

इंग्रजी तितकेसे सराईत नसेल तर दुभाषी मागावा. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांना तो मोफत द्यावा लागतो. अशा विषयात नवऱ्याने किंवा सासूबाईंनी भाषांतर करणे बरे नव्हे. बाई अर्धे बोलतच नाही.

पहिले दोन दिवस

झोपून राहावे, पण पडूनच राहू नये. दर दोन-तीन तासांनी उठून खोलीतल्या खोलीत चालावे, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होत नाहीत. बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे ठेवावी, मग तेवढाच वेळ काढावी. बर्फ थेट त्वचेला लावू नये.

वेदनेच्या गोळ्या कळ येण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे घ्याव्यात. इथे एक धोका आपल्या घरांत विशेष आहे. भारतातून आणलेली क्रोसिन म्हणजेच इथले टायलेनॉल. दोन्हींत एकच औषध आहे. कॉम्बिफ्लाममध्ये तेही असते आणि आयबुप्रोफेनही असते. डॉक्टरांनी दिलेल्या मादक वेदनाशामकातही अनेकदा तेच टायलेनॉल मिसळलेले असते. तिन्ही एकत्र घेतली तर यकृताला इजा होऊ शकते. दिवसाला सर्व मिळून ४००० मिलिग्रॅम ही प्रौढांसाठी कमाल मर्यादा आहे आणि पुष्कळ डॉक्टर त्याहून कमी सांगतात. सगळ्या बाटल्या एका जागी ठेवून कागदावर वेळा लिहाव्यात.

लघवी करताना आग होते. त्याच वेळी बाटलीतून कोमट पाणी ओतत राहावे, आग निम्म्याने कमी होते. नंतर पुसू नये, मऊ कापडाने टिपावे.

दोन आठवड्यांपर्यंत

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सूज आणि काळे-निळेपण वाढल्यासारखे वाटते. बहुतेक वेळा ते नेहमीचेच असते. डॉक्टरांनी सांगितल्या दिवसापासून कटिस्नान सुरू करावे. नुसत्या कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा. पाण्यात डेटॉल, मीठ, कडुनिंब, काही घालू नये. जखमेवर हळद किंवा खोबरेल लावू नये. बाळंतिणीसारखी शेक-शेगडी आणि ओव्याची धुरी देण्याचा आग्रह प्रेमापोटी होतो, पण ही जागा बधिर असू शकते आणि भाजल्याचे कळतही नाही. आईला किंवा सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवावे.

जखमेवर पिवळसर पापुद्रा दिसला, की पू झाला असे वाटून घाबरगुंडी उडते. दुर्गंधी आणि ताप नसेल तर तो बहुधा भरणाऱ्या जखमेचाच भाग असतो. टाके विरघळणारे असतात. धाग्याचे तुकडे पॅडवर पडू लागले तर काळजी नको.

या दोन आठवड्यांतला खरा शत्रू बद्धकोष्ठ. वेदनेच्या मादक गोळ्यांनी ते हमखास होते आणि एकदा कुंथावे लागले, की टाक्यांवर ताण येतो. डॉक्टरांनी दिलेले मल मऊ करणारे औषध पहिल्या दिवसापासून घ्यावे. पपई, भिजवलेले मनुके, पालेभाज्या, मुगाची खिचडी, भरपूर पाणी, आणि डॉक्टर हो म्हणाले तर रात्री इसबगोल. ‘ताकद यावी’ म्हणून डिंकाचे लाडू आणि साजूक तुपाचा शिरा एवढ्यावरच राहू नये.

बसताना रेलून किंवा कुशीवर. मध्ये भोक असलेली गोल उशी काही डॉक्टर सुचवतात, तर काहींच्या मते तिने टाके ताणले जातात. आपल्या डॉक्टरांना विचारावे. मांडी घालणे आणि उकिडवे बसणे दोन्ही बंद. देवपूजा खुर्चीवर बसून केली तरी देवाला चालते.

सहा आठवड्यांपर्यंत

बैठे काम असणाऱ्या पुष्कळ जणी दोन-तीन आठवड्यांनी कामावर जाऊ शकतात. दिवसभर उभे राहण्याचे काम असेल तर आणखी वेळ लागतो. मादक गोळ्या चालू असेपर्यंत गाडी चालवू नये. १० पौंडांपेक्षा जास्त वजन उचलू नये. म्हणजे दोन वर्षांचे मूल नाही, कपड्यांची भरलेली बास्केट नाही आणि इंडियन ग्रोसरीतली तांदळाची २० पौंडांची पिशवी तर नाहीच. पोहणे, हॉट टब, सायकल, टॅम्पॉन आणि शरीरसंबंध डॉक्टर परवानगी देईपर्यंत वर्ज्य.

पुढीलपैकी काही झाले तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता फोन करावा:

- १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप
- तासाभरात एक पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव
- दुर्गंधीयुक्त स्राव, किंवा कमी होण्याऐवजी वाढत जाणारी सूज आणि लाली
- लघवी अडकणे
- टाके उसवून जखम उघडी पडणे

पोटरीत दुखून सूज आली, छातीत दुखले किंवा धाप लागली तर थेट इमर्जन्सीत जावे. गुठळी झाल्याची शक्यता असते.

पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी योनिद्वाराच्या एका बाजूला गोळी लागली तर तेही दाखवावे. तिथल्या ग्रंथीची नळी बंद होऊन पाण्याची गाठ होऊ शकते. तिच्यावर उपाय आहे.

सहा आठवड्यांनंतर: दुसरा भाग

सहाव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टर तपासतात, कापसाचा बोळा पुन्हा लावून पाहतात आणि म्हणतात, ‘जखम छान भरली आहे.’ घरी येऊन नवरा-बायको त्या वाक्याचा अर्थ ‘आता सर्व पूर्ववत’ असा घेतात. घाईने प्रयत्न होतो, दुखते, आणि दोघेही खचतात. डॉक्टरांच्या त्या वाक्याचा अर्थ एवढाच असतो, की आता सरावाला सुरुवात करायला हरकत नाही.

पायात वर्षानुवर्षे काटा असलेला माणूस लंगडत चालतो. काटा निघाला तरी लंगडण्याची सवय लगेच जात नाही. इथेही तसेच होते. वेदनेच्या भीतीने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू इतकी वर्षे आवळून धरलेले असतात. दुखरी त्वचा गेली, पण स्नायूंना ते ठाऊक नाही. त्यांना सैल व्हायला शिकवावे लागते आणि त्यासाठी या विषयातली खास शिक्षण घेतलेली फिजिओथेरपिस्ट हवी. नेहमीची गुडघ्या-पाठीची नव्हे. बाळंतपणानंतर सांगितले जाणारे केगेलचे व्यायाम स्नायू आवळण्याचे असतात. इथे ते आपल्या मनाने केले तर उलट त्रास वाढू शकतो. इथे शिकायचे ते पोटाने घेतलेला संथ श्वास आणि श्वासाबरोबर सैल सोडणे. प्राणायाम केलेल्या बायकांना हे लवकर जमते.

त्याबरोबर डायलेटर वापरायला सांगतात. या लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमाने असलेल्या गुळगुळीत नळ्या असतात. भरपूर वंगण लावून, सर्वात लहान नळीपासून, रोज पाच-दहा मिनिटे. उद्देश जागा ‘रुंद करणे’ हा नसून, स्पर्श झाला तरी दुखत नाही हे शरीराला पटवणे हा आहे. दुखले तर थांबावे, एक पायरी मागे यावे. जोर कधीही करू नये. फिजिओथेरपिस्ट व्रणाला हलका मसाजही शिकवते, म्हणजे तो कडक होत नाही.

शरीरसंबंधाची परवानगी साधारण दोन ते तीन महिन्यांनंतर मिळते, कोणाला त्याहून उशिरा. सुरुवातीला वंगण आवश्यकच; गरज असेल तर डॉक्टर बधिर करणारे मलमही देतात. वेग, वेळ आणि थांबण्याचा अधिकार बाईकडे असावा. ‘आज जमलेच पाहिजे’ असे परीक्षेसारखे वातावरण असेल तर शरीर पुन्हा आवळते. भीती फारच घर करून बसली असेल तर या विषयातील समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जावे. माँट्रियलच्या अभ्यासाने दाखवले तेच हे. तो कमीपणा नव्हे, उपचाराचाच भाग आहे.

सुधारणा सहा महिने, कधी वर्षभर हळूहळू होत राहते. मधल्या काळात दुखणे परत आल्यासारखे वाटले तर लगेच शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. यीस्टचा संसर्ग, स्नायूंचा ताण, पाळी जाण्याच्या वयातला किंवा अंगावर पाजतानाचा हार्मोनचा अभाव, अशी साधी कारणे आधी तपासून घ्यावीत. काही थोड्या स्त्रियांची एखादी दुखरी जागा राहून गेलेली असते. तिचाही वेगळा विचार करता येतो. आणि ही शस्त्रक्रिया झाली म्हणजे पुढे सिझेरियनच करावे लागते असे नाही. प्रसूतीच्या डॉक्टरांना मात्र आधी सांगून ठेवावे.

घरच्यांसाठी

नवऱ्याने काय करावे? पहिले दोन आठवडे स्वयंपाकघर, मुले आणि औषधांच्या वेळा सांभाळाव्यात. पुढचे चार महिने ‘आता तरी?’ हा प्रश्न विचारू नये. हात धरणे, जवळ बसणे याचा अर्थ दर वेळी पुढे काही व्हायला हवे असा होत नाही, एवढे बायकोला खात्रीने वाटले, की अर्धी लढाई जिंकली.

आई-सासूबाईंना किती सांगायचे, हा बाईचा निर्णय. ‘बायकांच्या जागेची छोटी शस्त्रक्रिया आहे, सहा आठवडे वजन उचलायचे नाही’ एवढे पुरते. मंडळातल्या मैत्रिणींना तर तेवढेही सांगायची गरज नाही. डबे आणून देणाऱ्याने निदान विचारू नये.

पैशाचा भाग

शस्त्रक्रियेपूर्वी विमा कंपनीची पूर्वपरवानगी लेखी घ्यावी. डॉक्टरांच्या कचेरीतून शस्त्रक्रियेचा आणि निदानाचा असे दोन्ही कोड मागून घ्यावेत आणि तेच सांगून विमा कंपनीला फोन करावा. या दुखण्याला स्वतःचे निदान-कोड आहेत. ‘सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया’ म्हणून नकार आला तर तो मान्य करू नये. नोकरीतून मिळणाऱ्या बहुतेक विम्यांत नकाराचे पत्र मिळाल्यापासून १८० दिवसांत अपील करता येते. तेही फेटाळले तर वैद्यकीय कारणावरच्या नकाराविरुद्ध बाहेरच्या त्रयस्थ तपासणीची मागणी चार महिन्यांच्या आत करता येते.

खर्चाचा अंदाज असा काढावा. समजा, विम्याने मान्य केलेली रक्कम ९००० डॉलर, डिडक्टिबल २००० आणि त्यापुढे आपला वाटा २० टक्के. मग २००० अधिक ७००० चे २० टक्के म्हणजे १४००, असे ३४०० डॉलर आपल्या खिशातून. आता तारखेचा विचार करा. बहुतेक विम्यांची डिडक्टिबल १ जानेवारीला पुन्हा शून्यापासून मोजली जाते. शस्त्रक्रिया नोव्हेंबरात केली तर फिजिओथेरपी जानेवारीत सुरू होईल आणि डिडक्टिबल दुसऱ्यांदा भरावी लागेल. वर्षाच्या पूर्वार्धात शस्त्रक्रिया झाली तर दोन्ही एकाच वर्षात बसतात. वर्षाला फिजिओथेरपीच्या किती भेटी मान्य आहेत, तेही आधी विचारावे. नोकरीत एफएसए खाते असेल तर नोंदणीच्या वेळी ही रक्कम धरावी. त्यात उरलेले पैसे बहुतांशी बुडतात. एचएसएमधले बुडत नाहीत.

हे काम करणारे डॉक्टर थोडे आहेत आणि त्यांतले काही विमा घेत नाहीत. आपल्या नेटवर्कमध्ये कोणीच नसेल, तर बाहेरच्या डॉक्टरांना नेटवर्कच्या दराने मान्यता द्या, अशी लेखी विनंती विमा कंपनीला करता येते. रुग्णालय नेटवर्कमध्ये असून भूलतज्ज्ञ बाहेरचा निघाला, तर १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यामुळे त्याला वरचे पैसे आपल्याकडून मागता येत नाहीत.

रजेसाठी १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह अ‍ॅक्ट आहे. परिसरात ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीत बारा महिने नोकरी आणि त्या काळात १२५० तास काम झाले असेल, तर वर्षात १२ आठवडे बिनपगारी पण नोकरी सुरक्षित ठेवणारी रजा मिळू शकते. पत्नीच्या गंभीर आजारासाठी नवऱ्यालाही ती मिळते. फिजिओथेरपीच्या भेटींसाठी ती तुकड्यातुकड्यांनीही घेता येते. डॉक्टरांचे प्रमाणपत्र मनुष्यबळ विभागाकडे जाते. थेट वरिष्ठाला आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधण्यास कायद्याने मनाई आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, ऱ्होड आयलंड, हवाई अशा राज्यांत तात्पुरत्या अपंगत्वाचा काही भत्ताही मिळतो.

आणखी एक गोष्ट. मुलगी २६ वर्षांची होईपर्यंत आई-वडिलांच्या विम्यावर राहू शकते, पण खर्चाचा तपशील विमाधारकाच्या नावे घरी येतो. मुलीला ते नको असेल तर पत्रे दुसरीकडे पाठवण्याची विनंती तिने विमा कंपनीला आधीच करून ठेवावी.

‘भारतात स्वस्तात होईल’ हा विचारही पुष्कळांच्या मनात येतो. शस्त्रक्रिया तिथे होईल, पण सहाव्या आठवड्याची तपासणी आणि पुढचा सराव कुठे, हे ठरवल्याशिवाय तिकीट काढू नये. ताज्या टाक्यांवर पंधरा-सोळा तास विमानात बसणे तर कोणाही डॉक्टरांना मान्य होणार नाही.

शेवटी एवढेच. असे दुखत असेल आणि अजून कोणाला सांगितले नसेल, तर लगेच शस्त्रक्रियेचा विचार करू नका. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या आणि ‘मला योनिद्वाराशी तीन महिन्यांहून अधिक काळ दुखते आहे’ हे एक वाक्य बोला. ते ऐकून डॉक्टरांनी खांदे उडवले, तर दुसऱ्या डॉक्टरांकडे जा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधे, व्यायाम आणि तारखा आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवाव्यात. विमा आणि रजेचे नियम आपल्या राज्यात व कंपनीत तपासून घ्यावेत.)